सगळ्याच ॲम्पमधला एफ

३ नोव्हेंबर, सोमवार

आज लखननं दुकानात बोलावून चहा पाजला. त्याचं झेरॉक्सचं दुकान आमच्या कॉलेजच्या गेटसमोरच आहे. मी ऑफिसात क्लार्क, त्यामुळे चहा रोजचाच. पण आज सोबत समोसा होता. तेव्हाच समजलो, काहीतरी आहे.

जयाची सगाई ठरली म्हणे. जया म्हणजे त्याची लहान बहीण. सात डिसेंबर, मारेगावकडच्या त्यांच्या तांड्यात. "आपले दोन गाणे झाले पाहिजे बे राजा."

आपले म्हणजे व्हाइट गोल्ड म्युझिकल ग्रुपचे. घाटंजीतला एकमेव. ग्रुपमध्ये आम्ही दोघंच, तो गातो आणि मी गिटार. संस्थापक कोण यावर मतभेद आहेत, पण नाव मी ठेवलं, आपल्या पांढऱ्या सोन्यावरून, म्हणजे कापसावरून.

शे-दीडशे माणूस येणार. उघड्या अंगणात साधी गिटार तिसऱ्या रांगेच्या पुढं जात नाही. म्हणून ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, लागणार. मी हे बोलायच्या आधीच लखन बोलला. काहून? लक्षात ठेवतो.

४ नोव्हेंबर

संकल्प. रोज एक तास रियाज. ॲम्प पूर्ण अभ्यास करूनच घ्यायचा. कोणाच्याही गोड बोलण्यात यायचं नाही.

ममताले सांगितलं की दहा हजारांच्या आत एक ॲम्प घेतो. ती म्हणे, "घ्या."

एवढंच. लग्नाले अठरा वर्षं झाली, ही बाई पहिल्या झटक्यात कधी "घ्या" म्हणाली नाही. मिक्सरले सहा महिने लागले होते. वरून म्हणे, "फक्त हेडफोन लागते असा पाहा."

हेडफोन कायले? तांड्यातले दीडशे लोक काय हेडफोन घालून बसणार?

संध्याकाळपर्यंत विचार केला तेव्हा उलगडा झाला. शेजारचा बाबुलाल भजनात पेटी वाजवतो. माझ्या चाली तो भिंतीआडून ऐकून उचलतो, असा ममतालेही संशय आला असणार. बाई हुशार आहे. बोलून दाखवत नाही.

रियाज उद्यापासून.

६ नोव्हेंबर

तीन दिवस व्हिडिओ पाहून राह्यलो. सगळे पोरं म्हणतात ॲम्प एकदम भारी. म्हणजे कंपनीनं पैसे दिले. एक जण म्हणे, फालतू आहे. त्याले दुसऱ्या कंपनीनं दिले.

वॉटचा घोळ आहे. घरी वाजवायले दहा वॉट पुष्कळ होतात म्हणे, छोट्या कार्यक्रमाले वीस-तीस. दहा वॉटचा तर आमच्या संडासातला बल्ब आहे. हे लोक आपल्याले समजतात काय?

शिवाय हे पोरं वाजवतात इतकं चांगलं की ॲम्पची परीक्षाच होत नाही. त्यांच्या हातात पत्र्याचा डबा दिला तरी चांगला वाजेल. म्हणून ठरवलं, दुकानात जाऊन स्वतःच वाजवून पाहायचं. माझ्या हातात ॲम्पचा खरा दोष लगेच दिसेल.

९ नोव्हेंबर, रविवार

आपली गिटार पाठीले बांधून यवतमाळले गेलतो. दुकानदार फार हसून बोलला. पाणी दिलं. तिथंच सावध झालो.

पंधरा वॉटचा एक लावला. जी कॉर्ड मस्त. सी मस्त. एफ वाजवला आणि भर्रर्र! डब्यात भुंगा अडकल्यासारखं.

एफ म्हणजे पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचं, आणि बाकीच्या बोटांनी त्याच्या पुढं आणखी तीन तारा. राजा कॉर्ड आहे तो. सगाईच्या दोन्ही गाण्यांत मुखड्यालेच एफ आहे. जो ॲम्प एफ काढत नाही तो काय कामाचा?

दुकानदार म्हणे, "सर, पहिलं बोट जरा घट्ट दाबा."

मी म्हटलं, मी ॲम्प पाहायले आलो, बोट दाखवायले नाही.

मग त्यानं दुसरा आणला, आठ इंची स्पीकरचा. त्यातही एफचाच बिघाड. तिसऱ्यातही. त्याची गिटार घेऊन पाह्यलं, तरी तेच. म्हणजे पूर्ण लॉटच खराब. साहजिकच तो आता हसून बोलत नव्हता.

येताना घाटात थंडी वाजली. रियाज नाही. हात आखडले.

११ नोव्हेंबर

लखनले यवतमाळचं सगळं सांगितलं. त्यानं झेरॉक्स मशीनमध्ये डोकं घातलं. मग म्हणे, ढाणकीचा एक फुलचंद म्हणून आहे. लग्नाच्या पार्टीत गिटार वाजवतो. त्याचा जुना तीस वॉटचा ॲम्प विकायचा आहे. स्वस्तात देईल.

मी विचारलं, "चांगला आहे तर विकून काहून राह्यला?"

"मोठा घेतला त्यानं."

"मग जुना तुलेच कसा काय माहीत?"

लखन म्हणे, "घ्यायचा नसन तर नको घेऊ बापा."

उत्तर दिलंच नाही. असं आहे तर.

१३ नोव्हेंबर

आज खरंच रियाजले बसलो. मी पहिला कॉर्ड वाजवला की ममताची शिलाई मशीन सुरू. थांबलो की मशीन थांबते. पुन्हा वाजवलं, पुन्हा घर्रर्र. विचारलं तर म्हणे ब्लाउजच्या ऑर्डरी आहेत. एवढ्या ऑर्डरी अचानक आल्या कुठून? गावात लग्नं काय माझ्याच रियाजाच्या वेळेले निघतात?

बारा मिनिटं झाली. एकाग्रता गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

नागपूर. काचेचं दुकान, एसी. चाळीस वॉटचा एक ॲम्प दाखवला. त्यात शंभर प्रकारचे आवाज, मोबाईलवरून बदलायचे. एका आवाजात तर गिटार मंदिराच्या घंटेसारखी वाजली. घेतलाच होता जवळपास. मग एफ वाजवला.

भर्रर्र.

शंभरच्या शंभर आवाज लावून पाह्यले. प्रत्येकात वेगळा भर्रर्र. तिथल्या मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही किती दिवसांपासून शिकताय?" मी म्हटलं, बावीस वर्षांपासून वाजवून राह्यलो, आणि आमच्या ग्रुपचं नाव सांगितलं. ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. मालकाले सांगायले गेली असणार की गिऱ्हाईक जाणकार आहे, फसणार नाही.

बसमध्ये विचार केला. एकट्या यवतमाळात असतं तर समजू शकलो असतो. यवतमाळ आणि नागपूर, दोन्हीकडे एफच? वेगवेगळ्या कंपन्या, बिघाड एकच? आतले पार्ट एकाच फॅक्टरीतून येतात हे उघड आहे. आणि हे कोणीच बोलत नाही. सगळे सामील.

२४ नोव्हेंबर

ऑनलाइन मागवलेला आज आला. पॅकिंग सुंदर होतं. सुंदर पॅकिंग म्हणजे आत गडबड.

भर्रर्र.

घाई केली नाही. शास्त्रीय पद्धतीनं तपासलं. वायर बदलली. प्लग स्वयंपाकघरात लावला, मग बाहेरच्या खोलीत. बाबुलालच्या घरून लाइन घेऊन पाह्यलं. तो म्हणे, "राजकुमारभाऊ, मशीनमध्ये काही नाही वाटत मले." पेटीवाल्याले काय समजते? ममताले मशीन बंद करायले लावली. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. दूध नासलं. भर्रर्र कायम.

कंपनीले तक्रार केली. त्यांनी पुरावा म्हणून वाजवतानाचा व्हिडिओ मागवला. मी अख्खं गाणं वाजवून पाठवलं. पाच मिनिटांत परतीचा अर्ज मंजूर! एक शब्द वाद घातला नाही. चोराच्या मनात असते न, तसं. दुसऱ्या कंपनीचा मागवला. तीस वॉट, बॅटरी असलेला, माईक लावायची सोय. तांड्यात लाइटीचा भरवसा नाही, म्हणून बॅटरी.

याले म्हणतात अभ्यास.

२८ नोव्हेंबर

फार वाईट दिवस.

बाजारात कांदे घ्यायले गेलतो तर भाजीच्या रांगेत ममता आणि लखन उभे. डोकं जवळ करून बोलून राह्यलते. मले पाह्यलं आणि दोघंही गप्प. ममता म्हणे, "वांगे महाग झाले." लखन म्हणे, "हो, वांगे." लखनच्या घरी वांगं कोणी खात नाही. मले माहीत आहे.

सगळं जुळलं. फुलचंदचा ॲम्प माझ्या गळ्यात मारायचा आणि दलाली खायची. ममताले मधे घेतलं. तिचं ते "घ्या" इथून आलं.

सरळ दुकानात गेलो. दोन पोरी झेरॉक्सले उभ्या होत्या, तरी विचारलं, "फुलचंदकडून किती भेटते तुले?"

लखनले आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मशीन बंद केली. पोरींले म्हणे, थोड्या वेळानं या. मग मले म्हणे, "माया बहिणीची सगाई हाये. तुले वाटते, मी तिच्या सगाईत दलाली खाईन? तुयाकडून?"

मी म्हटलं, मग बाजारात काय बोलून राह्यलते?

तो म्हणे, "राजा, एक काम करू. गाणं बदलू. एफ नसलेलं घेऊ. सोपं, तुलेही आवडते असं."

आत्ता खरं बाहेर आलं! ज्या गाण्यात गिटार दिसते, तेच काढायचं. मी म्हटलं, गाणं बदलणार नाही. हवं तर गिटारवाला बदल.

त्यानं मान फिरवली. मग मशीन सुरू केली. चहाचं विचारलं नाही.

२९ नोव्हेंबर

चहा ऑफिसच्या कँटीनमध्ये प्यायलो. तिथला चहा लखनच्या चहापेक्षा चांगला असते. आधी कधी लक्षात आलं नव्हतं. अर्धा टाकला.

१ डिसेंबर

नवा आला. एफ आहे तसाच, पण थोडा कमी. आवाज अगदी बारीक केला की भर्रर्र जवळपास येतच नाही. गाणंही येत नाही, पण सुरुवात चांगली आहे. नवीन मशीन मोकळी व्हायले वेळ लागतो. नव्या मोटरसायकललेही पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत जपून चालवतात. सातपर्यंत मोकळा होईल.

दुसरा उपाय म्हणजे एफ आला की झटकन बटण फिरवून आवाज कमी करायचा. याले तिसरा हात लागतो.

५ डिसेंबर

लखनचा फोन नाही. मीही करणार नाही. ममता तीनदा म्हणाली, "जाऊन या न. एकदा बसून वाजवून तर पाहा दोघं." मी म्हटलं, मुरलेल्या कलाकारांले तालमी लागत नाहीत. ती सुईत दोरा ओवत बसली.

या घरात माझ्यावर विश्वास ठेवणारं कोणी नाही.

६ डिसेंबर

लखनचा मेसेज. "उद्या ४ वाजता. ये." एवढंच. पण "ये" आहे.

८ डिसेंबर, सोमवार. सकाळी. ऑफिसले सुट्टी टाकली.

जसं झालं तसं लिहितो.

तांड्यात पोचलो तेव्हा मांडवात माणूस मावत नव्हता. लखननं स्वतः येऊन ॲम्प गाडीवरून उतरवला. वजन पाहून म्हणे, "चांगला घेतला." मले वाटलं टोमणा आहे. त्याच्या तोंडाकडे पाह्यलं तर नव्हता.

मग नवरदेवाकडची मंडळी आली. त्यात एक दाढीवाला. लखननं ओळख करून दिली, हा फुलचंद, नवरदेवाचा मावसभाऊ. म्हणजे नातेवाईक! ॲम्प स्वस्तात कसा भेटत होता ते आता समजलं. सोयऱ्याकडून कोणी दलाली खाते काय. मी फुलचंदच्या बुटांकडे पाहत राह्यलो. बूट महागाचे होते.

गूळ वाटला. मग आमचा नंबर.

माईक माझ्याच ॲम्पले लावला होता, त्यावर ग्रुपचं नाव मी सांगितलं. आवाज पूर्ण ठेवला होता, ॲम्प मोकळा झाला असेल म्हणून. लखननं सुरुवात केली. जी चांगला गेला. सी चांगला गेला. पोरं पुढं येऊन बसले. जया समोर खुर्चीवर, हातात मेंदी. मग मुखडा आला.

घरी तो भर्रर्र खोलीभर असते. काल तो अख्ख्या तांड्यावर गेला. मांडवाबाहेर झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं. पोरं हसायले लागले. पोरांचं ठीक आहे, पण नवरदेवाचे वडील रुमाल तोंडाले लावून हसून राह्यलते.

लखन थांबला नाही. दुसऱ्या वेळी मुखडा आला तेव्हा त्यानं आवाज वाढवला. तिसऱ्या वेळी त्याहून वाढवला. शिरा ताणून गाऊन राह्यलता. मले वाटलं, हा मले दाबून राह्यला, माझी गिटार ऐकू येऊ नये म्हणून. आणि ते खरंच होतं. फक्त कोणासाठी, ते तेव्हा समजलं नाही.

मी मधातच थांबलो. माईक घेऊन सांगितलं, "कलाकारात दोष नाही, ॲम्पमध्ये बिघाड आहे."

फुलचंद उठून आला. म्हणे, "दादा, पाहू का?" मी गिटार दिली. मनात म्हटलं, पाह्य. कळू दे सगळ्यांले.

त्यानं काही बदललं नाही. मी जवळच उभा होतो, डोळ्यात तेल घालून पाहत होतो. तीच गिटार, तीच वायर, आवाजाचं बटणही तिथंच. त्यानं मुखडा वाजवला.

एफ वाजला.

नुसता एफ. भर्रर्र नाही, काही नाही. त्यानं पुन्हा वाजवला, बिघाड शोधत असेल बिचारा. तिसऱ्यांदा वाजवला. मग मले म्हणे, "ॲम्प तर एक नंबर हाये दादा. कुठून घेतला?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ॲम्पले.

लखननं माझ्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, म्हण. त्यानं गाणं सुरुवातीपासून घेतलं, फुलचंदसोबत. आता शिरा ताणल्या नाही. हळू गायला. जया रडली, तिची आई भुरीबाई रडली. मी शेजारी वायर धरून उभा होतो. वायर धरायची काही गरज नव्हती, ती प्लगमध्येच होती.

मग भुरीबाई उठली. लखनले बाजूले सारून माईक हातात घेतला आणि गोरबोलीतलं, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीतलं, एक जुनं गाणं म्हटलं. गिटार नाही, डफडं नाही. ओळीच्या शेवटी बायका सूर धरायच्या. आवाज कापत होता तिचा, आणि मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत एकेक शब्द स्वच्छ जाऊन राह्यलता. हसणारा तो व्याही खाली मान घालून बसला.

येताना गाडीवर ममता मागून म्हणाली, "बाजारात मी लखनभाऊले म्हणून राह्यली होती की एफ नसलेलं गाणं घ्या. यांले एफचा त्रास होते म्हटलं. लखनभाऊ म्हणे, राजाले कसं सांगू, त्याले वाईट वाटन. मी म्हटलं, तुमीच सांगा, माया तोंडून नको."

मी विचारलं, "म्हणजे तुले माहीत होतं?"

ती म्हणे, "सगळ्यांलेच माहीत आहे."

पांढरकवड्यापर्यंत मी नुसती गाडी चालवली. समोरून कापसाच्या गाड्या येऊन राह्यल्या होत्या, त्यामुळे लक्ष रस्त्यावर ठेवावं लागलं.

९ डिसेंबर

फुलचंदची बोटं लांब आहेत. हा एक मुद्दा आहे. माझं पहिलं बोट जरा वाकडं आहे, ते कोणी विचारात घेत नाही.

ममताले बोट दाखवलं. ती म्हणे, सरळ आहे.

१० डिसेंबर

लखनच्या दुकानात गेलो. गर्दी नव्हती. तरी तो म्हणे, "झेरॉक्स आहे का काही?"

गिऱ्हाइकाले विचारतात तसं. मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, आहे, आणि खिशातल्या आधार कार्डाची एक झेरॉक्स काढून घेतली. त्याच्या हाती मशीन चालू असताना म्हटलं, "त्या दिवशी मी दलालीचं बोललो ते..."

मशीनचा आवाज होता. त्यानं ऐकलं की नाही माहीत नाही. मी पुन्हा म्हटलं, मशीन थांबल्यावर. "तू चढ्या आवाजात गाऊन राह्यलता न. मले झाकून."

तो म्हणे, "दोन रुपये झाले."

दिले. निघालो तर मागून म्हणे, "थांब. चहा सांगितला आहे." अर्धा-अर्धा घेतला. बोललो कापसाच्या भावाबद्दल. समोसा नव्हता.

१४ डिसेंबर, रविवार

ॲम्प परत करायची मुदत आज संपली. परतीच्या अर्जावर कारण लिहायची जागा होती. बराच वेळ त्या जागेकडे पाह्यलं. काय लिहिणार? केला नाही परत.

संध्याकाळी भुरीबाईचा फोन आला. मले कधी करत नाही, नंबर लखनकडून घेतला असेल. जयाचं लग्न फेब्रुवारीत धरलं म्हणे. "राजू, तुया तो डबा लय गुणाचा हाये रे. तांड्यातल्या बाया रोज विचारून राह्यल्या. हळदीले गाणे म्हणायले पाठवजो."

छाती भरून आली. मी म्हटलं, "पाठवतो कायले मावशी, मीच घेऊन येतो."

ती म्हणे, "तू कायले तरास घेतं? लखन आणन न गाडीवर."

मी विचारलं, "मग मी वाजवायले येऊ का?"

 मागं कोणीतरी हसलं, बहुतेक जया.

"ये न बापा," भुरीबाई म्हणाली. "जेवायले ये."